श्रीधर सुटला तर

२२ एप्रिल
लॅबला निघत होते तर दारात एक बाई. कॉटनची साडी, घामाघूम, काखेत फाइल. प्रोबेशन ऑफिसातून. मिश्रा मॅडम.
'श्रीधर जी आपके सगे भाई हैं न?'
हा प्रश्न इतक्या सभ्यपणे कधी कोणी विचारला नव्हता. हो म्हटलं.
त्याची चौदा वर्षं भरली. चालचलन उत्तम. जन्मठेपेतून लवकर सोडायची फाइल चालली आहे, तिला घरच्यांचं मत जोडावं लागतं. छापील कागद. एक ओळ: परिवार बंदी को रखने को तैयार है, हाँ / नहीं. एक खोडायचं.
म्हटलं, पेन द्या, आत्ताच खोडते. तर म्हणाल्या, 'आराम से सोचिए. जून में फिर आऊँगी.' दोन ग्लास पाणी प्यायल्या. जाताना म्हणतात, 'बहुत सज्जन आदमी हैं. जेल में सब बाबूजी बुलाते हैं.'
माहीत आहे. आमच्या गल्लीतही सगळे सज्जनच म्हणत.
लॅबला उशीर. मस्टरवर सही लाल शाईत.

२३ एप्रिल
मुक्ताला सांगितलं नाही. सात वर्षांची होती ती, तिच्या मामाला पोलीस घेऊन गेले तेव्हा. आम्ही तिला सांगितलं की मामा नोकरीला कलकत्त्याला गेला. शाळेत आठवड्याभरातच कोणीतरी दुरुस्ती केली.
तिच्या बाबांनी वर्षाच्या आत नागपूरला बदली मागून घेतली. ते गेले ते गेलेच. त्यांना दोष देत नाही.
देते.

२७ एप्रिल
मु. ची बॅग धुवायला काढली. आतल्या कप्प्यात जेलच्या मुलाकातीच्या पर्च्या. सात. पहिली जानेवारीतली.
विचारलं. लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.
'प्रोजेक्ट आहे आई. एम.ए.ला केस स्टडी लागते. बाकीचे पुस्तकातनं उचलतात. माझ्या तर घरातच आहे.'
'घरात नाहीये. जेलमध्ये आहे.'
'तेच ते.'
भांडण वाढलं की ती हिंदीत जाते. 'मामा मुझसे तुमसे ज्यादा ठीक से बात करते हैं.'
मी जेवले नाही. तिने दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

२ मे
लॅबमध्ये सक्सेना डबा खाताना कानात इयरफोन घालून खुनाच्या गोष्टी ऐकते. रोज एक. आज रक्त घ्यायची सुई तयार करता करता मला सांगत होती, 'दीदी, ये लोग अलग ही होते हैं. दिमाग का फोटो निकालो तो दिख जाता है.' अगदी चवीने. वर, 'मैं तो आँख देखके पहचान लूँ.'
सहा वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसते. आडनाव नवऱ्याचं, म्हणून तिला माहीत नाही मी कोणाची बहीण.
तिला काय हवंय ते कळतं मला. तो वेगळ्याच जातीचा प्राणी निघाला पाहिजे. म्हणजे आपल्या घरात निघायची भीती नाही.

९ मे
पुण्याहून पॉडकास्टवाला आला. तिशीचा, कोरलेली दाढी, नाव अद्वैत. माझा नंबर मु. ने दिलेला. मी हो का म्हटलं कोण जाणे. नाही म्हटलं असतं तर श्रीधरवरचा एपिसोड माझ्याशिवाय केलाच असता, म्हणून बहुतेक.
आल्या आल्या: 'मॅम, तुमचं मराठी किती क्यूट आहे, हिंदी-हिंदी.' म्हटलं तीन पिढ्या इथे गेल्या, असंच आहे. लोणच्याची बरणी सरकवून त्याने टेबलावर माइक ठेवला. मु. सोफ्यावर पाय वर घेऊन, परीक्षकासारखी.
'लहानपणी काही विअर्ड? प्राण्यांना त्रास देणं? आगी लावणं?'
'नाही.'
'काहीच नाही? आठवून बघा ना.'
चेहरा पडला त्याचा. जणू हे दुकान आहे आणि माल संपलाय.
मग म्हटलं, एक सांगते, हे टाका. आमचे वडील अर्धांगवायूने अकरा महिने पडून होते. त्यांचं सगळं श्रीने केलं. बेडपॅन, अंग पुसणं, पाठीला पावडर. पेपर वाचून दाखवायचा. मी मोठी बहीण, मी नाकाला पदर लावून बाहेर जायची.
'येस, पण हा मुखवटा असतो मॅम. क्लासिक आहे.'
'अकरा महिने? बेडपॅनसकट?'
त्याने कागद उलटला. 'बरं, आता त्या खांबेकर काकूंकडे येऊ.'
'खांबेटे.'
'सॉरी. व्हिक्टिमकडे.'
माइक मीच बंद केला. चहा व्हायचा होता, तो केला नाही. मु. त्याला खाली सोडायला गेली, तासाभराने आली. म्हणाली, 'तू जे सांगितलं नाहीस ते मी सांगितलं.'

१० मे
त्याच्या पॉडकास्टाआधी एकदा नीट लिहून ठेवते. माझ्यापुरतं.
सुलभा खांबेटे. कऱ्हाडच्या. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. मूलबाळ नाही. यजमान गेल्यावर काशीवासाला आल्या. पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत आम्ही भाड्याने होतो, मी, मुक्ताचे बाबा, मु. आणि श्री. वरची खोली रिकामी होती, घरमालकाने त्यांना दिली. चार वर्षं राहिल्या. तापट. आमच्या मराठीतल्या चुका काढायच्या. मला त्या फारशा आवडत नसत. हेही लिहिते.
श्री त्यांचं सगळं करायचा. दूध, औषधं, पेन्शनच्या कामाला रिक्षा. पहाटे गंगेवर हात धरून न्यायचा, कारण पंचगंगेच्या पायऱ्या उंच आणि त्यांचे गुडघे गेलेले. गल्ली म्हणायची, पोटचा मुलगा इतकं करणार नाही.
नोव्हेंबरात एका पहाटे काकू परत आल्या नाहीत. श्री म्हणाला, एकट्याच उतरल्या वाटतं. तीन दिवस नावेतून शोधत फिरला. अन्न घेतलं नाही. पोलिसांपुढे हात जोडले. दुसऱ्या दिवशी चपला सापडल्या त्या अहिल्याबाई घाटावर, पायरीच्या कडेला, नीट जोडून ठेवलेल्या. एवढं लांब त्या गुडघ्यांनी जाणं शक्यच नव्हतं. चौथ्या दिवशी काकू सापडल्या. अग्नी श्रीने दिला. मुंडन केलं, तेराव्यापर्यंत सगळं केलं, रडला. खरं रडला. मी शेजारी उभी होते.
तीन आठवड्यांनी एका नाववाल्याने तोंड उघडलं. त्या पहाटे त्याने काकूंना आणि श्रीला खाली उतरताना पाहिलं होतं. वर एकटा श्री आला. हातात बायकी चपला.
कोर्टाने म्हटलं, दागिन्यांसाठी. दागिने त्याच्या ट्रंकेत निघाले, खरं आहे. पण त्यासाठी चार वर्षं कशाला थांबेल कोणी.

१७ मे
मु. ने निकालाची प्रत मिळवली कुठून तरी. पान उघडून माझ्या ताटाशेजारी ठेवलं. गवाह नंबर चार. मी.
'पोलिसांना तू आधी सांगितलंस की मामा घरी झोपला होता. कोर्टात बदललंस. क्यों?'
वाटलं होतं हे कधीतरी येणार. जेवताना येईल असं नव्हतं वाटलं.
सांगितलं तिला. काकू गेल्या त्या सकाळी पोलीस दारात. मी ओट्यापाशी. श्री आत आला, चहाचा कप उचलला आणि म्हणाला, 'ताई, मी झोपलो होतो ना?' साखर संपली का, अशा आवाजात. मी म्हटलं, हो. आणि बाहेर जाऊन पोलिसांना तेच सांगितलं.
'तुला माहीत होतं तो झोपला नव्हता?'
'पाचला उठले तेव्हा त्याच्या अंथरुणाकडे बघितलं नव्हतं.'
मु. माझ्याकडे बघत राहिली. या मुलीला बघत राहायला कोणी शिकवलं, त्याच्याकडूनच शिकली असेल.
'बघितलं होतं,' मी म्हटलं. 'रिकामं होतं.'
खोटं बोल म्हणाला असता तर मी नाही म्हटलं असतं. नक्की म्हटलं असतं. त्याने फक्त विचारलं. आणि ते तीन आठवडे मला खरंच वाटत होतं की अंथरुणात कोणीतरी होतं. उशीसुद्धा आठवत होती मला, डोक्याने दबलेली.
मु. ने वहीत लिहून घेतलं. माझ्यासमोर. तारीख टाकून.

२५ मे
लूच्या झळा चालू. खिडक्या बंद, कूलरमधलं पाणी उकळल्यासारखं.
मु. टेबलावर तिची यादी सोडून गेली. मनोरुग्ण नव्हे, तो दुसरा प्रकार, सायकोपॅथ, तो ओळखायची यादी, कॉलेजातली. पुढे मामाच्या नावाने खुणा. वरवरचा गोडवा: हो. खोटं सहज बोलतो: हो. दुसऱ्याच्या दुःखाने हलत नाही: प्रश्नचिन्ह. पश्चात्ताप नाही: प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हं बघून डोकं फिरलं. चौदा वर्षांत ज्याने त्या बाईचं नाव घेतलं नाही त्याला प्रश्नचिन्ह.
मग काय सुचलं, पेन्सिल घेऊन शेजारी माझ्या खुणा करत बसले. खोटं: पोलिसांशी, हो. जबाबदारी टाळणं: वडील, हो. भावना उथळ: वडील गेले तेव्हा श्री हमसून रडला, मी डेथ सर्टिफिकेटच्या रांगेत उभी होते. हो.
संध्याकाळी मु. ने ते पाहिलं.  लाल पेन घेऊन माझ्या खुणांमध्ये दोन दुरुस्त्या केल्या. दोन्ही वाढीव.

३ जून
जेलमध्ये गेले. अकरा वर्षांनी. कोणाला सांगितलं नाही, लॅबमध्ये डोळ्यांची तपासणी म्हटलं.
फोन जमा, पिशवी जमा, हातावर शिक्का. जाळी. पलीकडे तो. केस सगळे पांढरे, बारीक कापलेले, चेहऱ्यावर तकाकी. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, दहा वर्षांनी दिसतो.
'ताई. गुडघे कसे आहेत?'
सगळं माहीत त्याला. थायरॉइडची गोळी, लॅबमधली भांडणं, बंद पडलेला कूलर. मु. येऊन सांगते. म्हणाला, 'पहिल्या सेमिस्टरला एका पेपरात गेली ना, फार लागलं तिला. तुला सांगू नको म्हणाली होती.' आणि हसला. सांगू नको म्हणाली होती, ते सांगितलं, आणि हसला.
मला माहीत नव्हतं ती नापास झाल्याचं.
किती वेळ होता माहीत नव्हतं, म्हणून एकदम विचारलं. 'काकूंना का मारलंस?'
'किती वर्षं झाली ताई.'
'मी विचारत्येय.'
त्याने विचार केला. प्रामाणिकपणे केला. जुना पत्ता आठवावा तसा. 'त्यांना कऱ्हाडला परत जायचं होतं. भाची न्यायला येणार होती. चार वर्षं मी केलं, आणि त्या म्हणाल्या, आता पुरे झालं श्रीधर.'
'मग?'
'मग काय. मला वाटलं, ठीक आहे. पुरे.'
मी वाट बघत होते पुढच्याची. पुढचं नव्हतंच काही. तेवढंच होतं ते. चौदा वर्षं मी ज्याच्याभोवती फिरले ते एका शब्दाचं होतं, आणि तो तोवर माझ्या मागच्या उजेडाकडे बघत म्हणाला, 'बाहेर ऊन फार असेल. छत्री आणलीस ना?'
मी म्हटलं, आणलीये. उत्तर दिलं मी.
'मॅडम येतील या महिन्यात. तू हो लिहिशील. आता एकटीने होत नाही तुझ्याच्याने.'
प्रश्न नव्हता तो. आणि माझी मान हलायला लागली होती. लिहून ठेवते, कारण उद्या मी हे नाकारेन: मान अर्धी हलली होती.
शिपायाने टाइम खत्म म्हटलं म्हणून वाचले.

४ जून
मु. ला म्हटलं, नापास झालीस ते सांगायचं होतंस.
पांढरी पडली. 'तुला कोणी सांगितलं?'
'तू ज्याला सांगितलंस त्याने.'
 मग, 'चुकून बोलला असेल.'
'तो चुकून काही बोलत नाही.'
'तू जळतेस, आई. एवढंच आहे. तुझ्याशी कधी कोणी बोललं नाही.'
हात उचलला होता मी. खाली आणला. ती बघत होती, खाली येतोय का ते.

१० जून
एपिसोड आला. नाव लिहीत नाही, त्यात राक्षसही आहे आणि काशीही आहे. सुरुवातीला घंटा, पाण्याचा आवाज, मग त्या पोराचा दबका आवाज. बेडपॅन नाही. वडील नाहीत. एक कबूतर आहे, जे मी कधी सांगितलं नाही आणि मु. शपथेवर म्हणते तिनेही नाही. श्रीने लहानपणी कबूतर मारलं म्हणे. आमच्याकडे कबुतरं नव्हती.
काकूंचं नाव दोनदा आलं. एकदा चुकलेलं.
खाली लोक लिहितायत. ऐकता ऐकता भाजी झाली. आवाज छान आहे. बहिणीवर पण डाउट येतो. पुढचा कधी?
दुपारी सक्सेना म्हणाली, 'दीदी, आज बनारस वाला सुना, मराठी में है, आप सुनके बताइए क्या बोल रहा है.' मी म्हटलं, काम कर.

१३ जून
कऱ्हाडहून फोन. साठीच्या बाईचा आवाज, कोरडा.
'मी मंगला. सुलभामावशीची भाची. तुमचा नंबर त्या पॉडकास्टवाल्याकडून मागून घेतला. तुमच्याशी बोलायची मला हौस नाही.'
म्हटलं, बोला.
'त्याला सोडतायत असं कळलं. घरच्यांना विचारतात म्हणे. काय लिहिणार आहात?'
'नाही असंच लिहिणार आहे.'
'तेव्हाही आधी एक सांगितलंत आणि मग दुसरं.'
खरं होतं. 
'मी सतरा तारखेचं तिकीट काढलं होतं, मावशीला आणायला,' ती म्हणाली. 'ती चौदाला गेली. ते तिकीट अजून आहे माझ्याकडे. तुमच्या त्या कार्यक्रमात हे नव्हतं.'
'माझा कार्यक्रम नाही तो.'
'तुमचाच आहे,' म्हणाली आणि ठेवला.

१६ जून
मिश्रा मॅडम आल्या. चार वाजता, भर उन्हात. कागद समोर ठेवला. मी हाँ वर रेघ मारली. एक पुरली नाही असं वाटलं म्हणून दुसरी मारली.
'कारण भी लिख दीजिए.'
आधी लिहिलं, डर लगता है. ते खोटं होतं. त्याने मला कधी बोट लावलं नाही. खोडलं. मग लिहिलं: मैं उनको किसी बात के लिए मना नहीं कर पाती हूँ, इसलिए घर में नहीं रख सकती.
मॅडमनी दोनदा वाचलं. 'ये कैसा कारण हुआ?'
'यही है.'
त्यांनी फाइल मिटता मिटता, सहज: 'वैसे आपकी बिटिया का भी आवेदन आया है. अलग कमरा लेकर मामा को रखेंगी. बालिग हैं, दे सकती हैं.'
पाणी आणायला म्हणून आत गेले. ओट्याला धरून उभी राहिले. त्या तशाच गेल्या असाव्यात, बाहेर आले तेव्हा खुर्ची रिकामी.

१७ जून
सकाळी सातपासून भांडण. कपडे भिजत तसेच.
'कोणती खोली?'
'बघून ठेवलीये. शिकवण्या घेते मी, भाडं माझं.'
'प्रोजेक्टसाठी खुन्याला घरात ठेवणार?'
'प्रोजेक्ट कब का जमा हो गया, आई. एप्रिलच्या सुरुवातीलाच.'
म्हणजे तेव्हापासून ती नुसतीच जात होती. म्हणजे बॅग धुतली तेव्हा ती खोटं बोलली, आणि मला ते खोटं बरं वाटलं होतं.
म्हणाली, 'माझे बाबा गेले ते त्याच्यामुळे नाही, तुझ्यामुळे गेले. तू कोणाशी बोलत नाहीस. मामा विचारतो. दर वेळी विचारतो, जेवलीस का, झोप लागते का. तुझ्या तोंडून हे कधी ऐकलं नाही मी.'
'काकूंनाही विचारायचा. रोज.'
'मी काकू नाहीये.'
'त्यांनाही तसंच वाटत असेल,' मी म्हटलं.
भांडं आपटून गेली. दिवसभर फोन उचलला नाही. मी बारा वेळा केला. मग तेरावा केला नाही, कारण तेरा वेळा कोण करतं.

२४ जून
मंगलाताई आल्या. न सांगता. गाडीतून उतरून सरळ इथे, हातात एकच पिशवी. उंच बाई, काकूंसारखंच नाक. मला एक क्षण वाटलं, काकूच आल्या चुका काढायला.
पाणी ठेवलं, घेतलं नाही. चहाला नको. 'तुमच्या घरचं घ्यायचं नाही असं ठरवून आल्येय.'
घर बघितलं. दोन खोल्या, बाल्कनी, बाथरूमची कडीसुद्धा. 'इथे कोण झोपतं? आणि इथे?' घर विकत घ्यायला आल्यासारखी.
मु. बाहेरून आली. मी ओळख करून देईपर्यंत त्यांनीच विचारलं, 'तूच जातेस ना त्याला भेटायला?'
'हो.'
'मावशीबद्दल काय सांगतो?'
 'नाव नाही घेत.'
'चार वर्षांतलं काहीच नाही? तिचा आवाज, तिचं बोलणं, रागावणं?'
'नाही.'
'तू विचारलंस कधी?'
मु. ने माझ्याकडे पाहिलं. तिच्या वहीत काय काय आहे मला माहीत आहे. श्रीचं बालपण आहे, श्रीची झोप आहे, श्रीची स्वप्नं आहेत. मी आहे, तारीख टाकून.
मंगलाताईंनी पिशवीतून एक पोस्टकार्ड काढलं. काकूंचं अक्षर, फळ्यावर लिहिल्यासारखं सरळ. शेवटच्या महिन्यातलं असणार. मु. ने वाचलं, मग मला दिलं.
प्रकृती ठीक. थंडी सुरू झाली. मला न्यायला ये, लवकर ये. तसं कारण काही नाही. श्रीधर माझं फार करतो. फार करतो.
दुसऱ्या 'फार'खाली रेघ.
'आम्ही हसलो होतो हे वाचून,' मंगलाताई म्हणाल्या. 'म्हटलं, मावशीला सुख टोचतंय.'
मु. खुर्चीवर बसली. उभी होती ते तेव्हा लक्षात आलं. 
मी म्हटलं, 'मी नाही असंच लिहिलंय. फाइलमध्ये आहे.'
'त्यासाठी नाही आले. तुमच्या लिहिण्यावर माझा भरवसा नाही. तो सुटला तर कुठे राहतो ते मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं पाहिजे.' मग पिशवीतली छोटी वही आणि पेन काढून मु. पुढे धरलं. 'हे घर पाहिलं. तू घेतलेली खोली राहिली. पत्ता लिही.'
मु. ने लिहिला. गल्ली, मजला, घरमालकाचं नाव. अक्षर पहिलीतल्या मुलीसारखं मोठं येत होतं.
मंगलाताईंनी वाचून पाहिलं. 'मजला स्पष्ट नाही.'
तिने परत लिहिलं.

२७ जून
मंगलाताई काल परत गेल्या. धर्मशाळेत उतरल्या होत्या. त्या खोलीवर जाऊन आल्या म्हणे. घरमालकाला काय सांगितलं माहीत नाही, त्याचा मु. ला फोन होता. आत जाऊन दार लावून बोलली.
पोस्टकार्ड त्यांनी परत मागितलं नाही. मु. ने दिलंही नाही.
दुपारी मिश्रा मॅडमचा फोन. फाइल लखनौला जाणार, दोन्ही कागद लावून, माझा आणि मु. चा. 'बिटिया को अपना वापस लेना हो तो सोमवार तक बता दें. उसके बाद मेरे हाथ में नहीं.'
मु. बाल्कनीत कपडे काढत होती. जाऊन सांगितलं. सोमवारपर्यंत, म्हटलं. वापस घ्यायचं असेल तर.
तिने चिमटे एकेक करून डब्यात टाकले. चादरीची घडी घातली.
'जेवलीस का?' मी विचारलं. पहिल्यांदाच विचारत असेन, आवाज नीट निघाला नाही.
ती थांबली. माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी काहीतरी मागायला आल्येय आणि ते काय ते तिला शोधून काढायचंय.
'ऐकलं मी,' म्हणाली. 'सोमवारपर्यंत.'